‘दुरुस्ती’तला रु आणि पुलाची दुरुस्ती

समजा, एक बातमी आली आहे. एका पुलाच्या दुरुस्तीसाठी मंजूर झालेले पैसे कागदोपत्री खर्च झाले, बिलं निघाली, पण पुलाला प्रत्यक्षात कुणी हातही लावलेला नाही. बातमीदाराने कामाचा आदेश मिळवला आहे, बिलांच्या तारखा दिल्या आहेत, पुलाखाली जाऊन उघडे पडलेले गज पाहिले आहेत. बातमीत ‘दुरुस्ती’ हा शब्द सात वेळा आला आहे आणि सातही वेळा तो ‘दुरूस्ती’ असा पडला आहे.

बातमी नेटवर फिरू लागते. पहिलं उत्तर येतं: ‘रु ऱ्हस्व असतो. आधी मराठी शिका, मग पत्रकारिता करा.’ दुसरा लगेच री ओढतो, हल्लीच्या पत्रकारांना दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. तिसरा विचारतो, नियम कुठला? चौथा सांगतो, शब्द फारसीतून आलाय, त्याला संस्कृतचे नियम लावू नका. पाचवा चौथ्याच्या वाक्यातली चूक काढतो. बघता बघता पन्नास उत्तरं होतात, आणि त्या पन्नासांत ‘बिलावर सही कुणाची आहे?’ हा प्रश्न एकदाही येत नाही.

प्रसंग कल्पित आहे, पण पत्रकारितेवरून नेटवर वाद घालणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. शुद्धलेखनाबद्दल मला मनापासून आस्था आहे. चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ दिसला की माझी नजर तिथे अडखळते आणि तिने अडखळणं सोडावं असं मला वाटत नाही. तरीही त्या पन्नास उत्तरांचं मला वाईट वाटतं. भाषेवरचा आक्षेप कधी बातमीच्या मुळाशी जातो आणि कधी तिथून लांब नेतो, हे म्हणून नीट उलगडून पाहायचं आहे. काम वाटतं तितकं सोपं नाही. एखाद्या अक्षराच्या ठेवणीवरून अख्खी बातमी कोसळल्याचंही उदाहरण आहे. ते पुढे येईल.

चूक नेमकी कुठली?

‘व्याकरणाची चूक’ या एका नावाखाली आपण बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. ‘दुरूस्ती’ ही व्याकरणाची चूक नाहीच, ती लेखननियमांची चूक आहे. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले १४ लेखननियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. म्हणजे आज आपण ज्याला ‘शुद्ध’ म्हणतो, त्यातला बराच भाग माणसांनी एकत्र बसून केलेला करार आहे. करार पाळावा, त्याने वाचणं सोपं होतं. पण तो मोडला म्हणून कुणी खोटं बोललं असं होत नाही. हा लेखच पाहा. औपचारिक लेखनात ‘केले, गेले’ लिहावं अशी अपेक्षा असते आणि मी ‘केलं, गेलं’ लिहितो आहे. कुणी त्यावर बोट ठेवलं तर ते नियमाला धरूनच असेल, पण त्यामुळे पुढच्या उदाहरणांतली एकही तारीख चुकीची ठरणार नाही.

वाक्यरचनेची चूक त्याहून वेगळी. ‘आमदाराने केलेल्या आरोपांची चौकशी’ आणि ‘आमदारावर केलेल्या आरोपांची चौकशी’ यांत एका प्रत्ययाचा फरक आहे आणि आरोपी बदलला आहे. त्यानंतर येते तथ्याची चूक: तारीख, आकडा, नाव, पद. आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत वजनदार, निष्कर्षाची चूक: तथ्यं सगळी खरी, पण त्यांवरून काढलेला अर्थ त्यांना पेलत नाही.

या सगळ्यांना एकच कसोटी लावता येते. ही चूक आत्ता सुधारली, तर बातमीतलं काय बदलेल? रु ऱ्हस्व केला तर पुलाबद्दल काहीच बदलत नाही. ‘ने’चा ‘वर’ केला तर सगळंच बदलतं. बिलाची तारीख एका दिवसाने चुकली असेल तर कदाचित काहीच नाही. पण काम सुरू होण्याआधीच बिल निघालं हाच मुद्दा असेल आणि तारीख त्याच्या काठावर असेल, तर तो एक दिवस म्हणजेच बातमी. चूक केवढी आहे हे पाहून उपयोग नाही, ती कुठल्या खांबाखाली आहे ते पाहावं लागतं.

छोट्या चुकांची मोठी फिर्याद

छोट्या चुका धरून मोठी गोष्ट पाडता येते हे नेटवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण १९६० मधलं आहे आणि ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

२९ मार्च १९६० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये नागरी हक्क चळवळीच्या समर्थकांनी एक पानभर जाहिरात दिली. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर चाललेल्या दडपशाहीचं वर्णन त्यात होतं, आणि निधीचं आवाहन होतं. मजकुरात चुका होत्या. किंग यांना सात वेळा अटक झाली असं म्हटलं होतं, प्रत्यक्षात चार वेळा झाली होती. विद्यार्थ्यांनी एक देशभक्तिपर गीत गायलं असं लिहिलं होतं, त्यांनी गायलं होतं राष्ट्रगीत. पोलिसांनी कॉलेजला ‘वेढा’ घातला असं म्हटलं होतं. पोलीस मोठ्या संख्येने तिथे आले होते, पण चारही बाजूंनी वेढा नव्हता. विद्यार्थ्यांचं भोजनगृह कुलूपबंद केल्याचा उल्लेखही खरा नव्हता.

अलाबामातल्या माँटगोमेरी शहराचे एक आयुक्त, एल. बी. सलिव्हन, यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. जाहिरातीत त्यांचं नावसुद्धा नव्हतं. त्या दिवशीच्या अंकाच्या जेमतेम ३९४ प्रती अलाबामात गेल्या होत्या. तरीही तिथल्या ज्यूरीने त्यांना पाच लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

गाणं कुठलं होतं यावर चळवळीवरच्या अत्याचारांचं खरेखोटेपण अवलंबून नव्हतं. अटक चार वेळा झाली की सात वेळा, हा तपशील बरोबर असायला हवा होता यात शंका नाही. पण चार वेळा अटक हीसुद्धा दडपशाहीच. यातली प्रत्येक दुरुस्ती सुटी घेतली तर रास्त होती. त्या सगळ्या एकत्र बांधून जे हत्यार तयार झालं, त्याचा रोख मात्र त्या चुकांवर नव्हता. दक्षिणेत काय चाललं आहे हे बाहेरच्या वर्तमानपत्रांनी सांगूच नये, सांगितलं तर दिवाळं निघेल, हा त्याचा खरा परिणाम होता.

९ मार्च १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. खुल्या चर्चेत चुका होणारच, आणि अभिव्यक्तीला श्वास घ्यायला जागा हवी असेल तर अशा चुकांनाही संरक्षण द्यावं लागेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. सार्वजनिक अधिकाऱ्याला असा दावा जिंकायचा असेल, तर विधान खोटं आहे हे माहीत असताना किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता ते छापलं, हे त्याने सिद्ध करायला हवं. पुढे १९९१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात याच न्यायालयाने सांगितलं की बारीकसारीक तपशील चुकला तरी आरोपाचा गाभा आणि त्यातला डंख खरा असेल, तर विधान खोटं ठरत नाही. वर सांगितलेली कसोटी मी हवेतून आणलेली नाही. न्यायाधीशांनी खऱ्या खटल्यांत ती अशीच लावलेली आहे.

सुंदर भाषेतलं खोटं

‘ज्याला नीट लिहिता येत नाही, त्याने नीट तपास केला असेल कशावरून?’ असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न अगदीच वावगा नाही. घाईत लिहिणारा घाईत तपासतही असेल, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. पण हा पुरावा फार कच्चा आहे, कारण शब्द तपासणं आणि तथ्य तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि बऱ्याचदा ती वेगळी माणसं करतात. २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपलं स्वतंत्र कॉपी डेस्कच, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासणारा विभागच, बंद केला. शंभरहून जास्त कॉपी एडिटरांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला आणि त्याविरुद्ध तिथले पत्रकार काम थांबवून रस्त्यावर आले. मुद्रितशोधक कमी झाला की पानावर चुका वाढतात. त्यावरून बातमीदाराने कागद पाहिले की नाही हे कळत नाही.

उलट्या बाजूने पाहिलं तर ते जास्त स्पष्ट होतं. ‘डेर श्पीगल’ हे जर्मन साप्ताहिक तथ्यतपासणीच्या मोठ्या विभागासाठी प्रसिद्ध. तिथला क्लास रेलोटिउस हा बातमीदार अतिशय देखणं लिहायचा. पुरस्कारांवर पुरस्कार मिळाले, डिसेंबर २०१८ च्या सुरुवातीलाही एक मोठा पुरस्कार मिळाला. त्याच महिन्याच्या १९ तारखेला साप्ताहिकाने स्वतःच जाहीर केलं की त्याने अनेक वृत्तलेखांत माणसं, संवाद, प्रसंग रचले होते. हुआन मोरेनो या त्याच्या सहकाऱ्याला संशय आला आणि संपादक विश्वास ठेवायला तयार नसताना त्याने स्वतःच्या जबाबदारीवर माग काढला. रेलोटिउसने अमेरिकेतल्या फर्गस फॉल्स या छोट्या गावावर लिहिलेला लेख मला नेहमी आठवतो. गावातल्या दोन रहिवाशांनी तो वाचून त्यातल्या खोट्या गोष्टींची यादी काढली. त्यांनी त्याची वाक्यरचना तपासली नाही. ज्या माणसाने समुद्र कधी पाहिलाच नाही असं लिहिलं होतं, त्यालाच त्यांनी जाऊन विचारलं. त्याने समुद्र पाहिला होता.

याहून गंभीर उदाहरण इराकचं. २००३ च्या युद्धाआधी तिथल्या विध्वंसक शस्त्रांबद्दल ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलेल्या बातम्या भाषेच्या दृष्टीने चोख होत्या, अनुभवी संपादकांच्या हाताखालून गेल्या होत्या. २६ मे २००४ रोजी त्याच वर्तमानपत्राने वाचकांसाठी टिपण छापून मान्य केलं की त्यांतल्या बऱ्याच बातम्यांची जितकी कसून तपासणी व्हायला हवी होती तितकी झाली नाही. राजवट उलथवण्यात रस असलेल्या निर्वासितांच्या सांगण्यावर जास्त भिस्त ठेवली गेली. तोवर युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं.

आणि मुद्रणदोषांसाठी ज्याचं नावच उलटसुलट करून ‘ग्रॉनियाड’ असं ठेवलं गेलं, ते ब्रिटिश वर्तमानपत्र ‘गार्डियन’? जून २०१३ मध्ये, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने दिलेल्या कागदपत्रांच्या आधारे अमेरिकेच्या पाळतयंत्रणेच्या बातम्या त्याने दिल्या. त्या कामासाठी पुढच्या वर्षीचा लोकसेवेचा पुलित्झर पुरस्कार त्याला ‘वॉशिंग्टन पोस्ट’सोबत मिळाला.

‘गार्डियन’चंच आणखी एक प्रकरण या कसोटीसाठी फार उपयोगी आहे, कारण तिथे उत्तर सोपं नाही. ४ जुलै २०११ रोजी त्याने बातमी दिली की ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या माणसांनी एका बेपत्ता मुलीच्या (तिचा खून झाल्याचं नंतर कळलं) फोनमधले निरोप चोरून ऐकले, आणि काही निरोप पुसले, त्यामुळे ती जिवंत असल्याची खोटी आशा घरच्यांना लागली. देश हादरला. सहाच दिवसांनी, १० जुलैला, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चा शेवटचा अंक निघाला. त्याच डिसेंबरात पोलीस तपासातून दिसलं की खोटी आशा लावणारं ते पुसणं बहुधा त्या पत्रकारांच्या हातून झालेलं नव्हतं. ‘गार्डियन’ने ते छापलं.

ही चूक किरकोळ म्हणता येत नाही. वाचकांचं काळीज ज्या वाक्याने पिळवटलं, तेच वाक्य डळमळलं होतं. पण मारल्या गेलेल्या मुलीचा फोन हॅक झाला होता, हा मूळ आरोप जसाच्या तसा उभा राहिला. पुसण्याबद्दलची चूक दाखवणाऱ्याला ‘खुसपट काढू नका’ म्हणून गप्प करणं चूक, आणि ‘बघा, सगळीच बातमी खोटी’ असं ओरडणंही चूक. काय पडलं आणि काय उभं राहिलं, ते वेगवेगळं सांगावं लागतं. त्याला चार वाक्यं जास्त लागतात.

आपण ‘रु’कडेच का धावतो?

सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ मध्ये एका काल्पनिक समितीचं चित्र रंगवलं होतं. समितीपुढे अणुभट्टीचा प्रचंड खर्चाचा प्रस्ताव येतो आणि अडीच मिनिटांत मंजूर होतो, कारण तो कुणालाच नीट कळत नाही. मग सायकली ठेवायच्या शेडचा विषय निघतो आणि त्यावर पाऊण तास चर्चा चालते, कारण शेड कशी असते हे सगळ्यांना माहीत असतं. पुलाच्या बिलांचं तसंच आहे. मंजुरी आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक, मोजमाप वहीत काय नोंदवलं जातं, हे समजून घ्यायला वेळ लागतो आणि समजल्यावरही आपण चुकू शकतो. रुच्या बाबतीत चुकण्याची भीती नाही. कोश उघडला की निकाल हातात. वादात एक गुण खात्रीने मिळत असेल तर माणूस तिकडे वळतो, आणि यात दुष्टपणा असतोच असं नाही.

स्वभावाचाही भाग असतो. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८३ जणांना एकाच घरात सहभाडेकरू म्हणून राहू इच्छिणाऱ्यांचे ईमेल वाचायला दिले होते. काहींत टंकलेखनाच्या चुका, काहींत सारख्या उच्चाराच्या शब्दांची गल्लत. चुका असलेल्या ईमेलचे लेखक एकूणच कमी पसंत पडले. पण स्वभावाने कमी मिळतंजुळतं घेणाऱ्यांना शब्दांची गल्लत जास्त खटकली. म्हणजे चूक दिसल्यावर आपण लिहिणाऱ्याला किती कठोरपणे जोखतो, यात थोडा वाटा आपलाही असतो.

हे सगळं अजाणतेपणी होतं तोवर ठीक. जाणूनबुजून होतं तेव्हा ती पळवाट असते. बातमी आपल्या आवडत्या नेत्याविरुद्ध आहे, पुरावा खोडता येत नाही, मग निदान तिची किंमत तरी कमी करू. ओळखण्याची एक खूण आहे: हाच माणूस आपल्या बाजूच्या बातमीत ‘दुरूस्ती’ दिसली तर काही बोलतो का?

आणि सगळ्यांत जास्त मला सलतं ते साक्षीदारांचं. घटना समोर पाहिलेला माणूस नेटवर दोन ओळी लिहितो. त्याच्या घरी ‘पानी’ म्हणतात, ‘व्हतं’ म्हणतात. तो तसंच लिहितो. ती चूकही नाही, ती त्याची बोली आहे. त्याच्या न-णवर पहिली थट्टा झाली की तो दुसऱ्यांदा लिहीत नाही. पत्रकारितेत प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाहून मोलाचं काही नसतं, आणि आपण त्याला हाकलतो ते एका अक्षरासाठी.

जेव्हा व्याकरण हाच मुद्दा असतो

आता दुसरी बाजू. इथे भाषेवर बोट ठेवणाऱ्याचं ऐकलंच पाहिजे.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला आणि त्याचा जीव गेला. पोलीस खात्याच्या पहिल्या निवेदनाचं शीर्षक असं होतं: पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटनेनंतर पुरुषाचा मृत्यू. व्याकरणाची एक चूक नाही. पण त्या वाक्यात मारणारा कुठे आहे? एका तरुणीने काढलेला व्हिडिओ समोर आला नसता तर तेच शब्द बातमी म्हणून छापले गेले असते.

मराठीत ही किमया फार सहज होते, कारण आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्याच आहेत. काच फुटली, काच फोडली. झाड पडलं, झाड पाडलं. कर्ज बुडालं, कर्ज बुडवलं. गोळी सुटली, गोळी झाडली. पहिल्या रूपात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात कुणीतरी ती करतं. ‘लाठीमार झाला’ म्हटलं की लाठी कुणाच्या हातात होती हा प्रश्न वाक्याबाहेर राहतो. बातमीदाराला कर्ता माहीत असूनही त्याने ‘फुटली’ लिहिलं, तर त्यावर आक्षेप घेणारा खुसपट काढत नाही. तो बातमीच्या मुळाशी बोट ठेवतो आहे. मात्र दगड कुणी मारला हे अजून कळलेलं नसेल, तर ‘फुटली’ हेच प्रामाणिक. अशा वेळी ‘फोडली’ लिहा म्हणून दबाव आणणारा बातमीदाराला खोटं बोलायला सांगतो आहे.

‘सांगितलं’ आणि ‘दावा केला’ यांतही असंच. सत्ताधाऱ्याने ‘सांगितलं’ आणि विरोधकाने ‘दावा केला’, असं एकाच बातमीत असेल तर बातमीदाराचा कल क्रियापदात उतरला आहे. टक्क्यांचं तर विचारू नका. एखादा दर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला, तर तो दोन टक्केबिंदूंनी चढला असं म्हणता येतं आणि ५० टक्क्यांनी वाढला असंही म्हणता येतं. दोन्ही खरं. ‘२ टक्क्यांनी वाढला’ हे मात्र काटेकोर पाहिलं तर चूक आहे, आणि ही चूक वाढ फारच लहान करून दाखवते. हे दाखवून देणाऱ्याला आकडेमोडीत कीस काढणारा म्हणून हिणवू नये.

आणि आता अक्षराच्या ठेवणीचं उदाहरण. ८ सप्टेंबर २००४ रोजी, अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक दोन महिन्यांवर असताना, सीबीएस वाहिनीने काही कागद दाखवले. तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलातल्या नोकरीबद्दलचे ते कागद १९७२-७३ मधले असल्याचं सांगितलं गेलं. काही तासांतच नेटवर लोकांनी लक्ष वेधलं: अक्षरांची रुंदी कमीजास्त आहे, आकड्यांपुढचं लहान अक्षर वर चढवलेलं आहे, आणि हाच मजकूर आजच्या संगणकावर नेहमीच्या टंकात टाइप केला तर जवळपास तसाच उमटतो. त्या काळच्या काही टंकयंत्रांत असं करता येत होतं असा प्रतिवादही झाला. पण कागद खरे असल्याचं वाहिनीला सिद्ध करता आलं नाही. २० सप्टेंबरला तिने तसं कबूल केलं. पुढच्या जानेवारीत चौकशी समितीचा अहवाल आला, एका निर्मातीला काढून टाकलं गेलं आणि तिघांना राजीनामे द्यायला सांगितलं गेलं.

टंकावरचा हा आक्षेप वरवरचा दिसत होता, पण तो त्या खांबाखाली होता ज्यावर बातमी उभी होती. कागद त्या काळचा नसेल तर बातमीच उरत नाही. तरी याच प्रकरणाला दुसरीही एक कड आहे. त्या नोकरीबद्दल इतर बातमीदारांनी वेगळ्या कागदांवरून मांडलेले प्रश्नही त्या टंकाच्या गदारोळात मागे पडले. एक आक्षेप योग्य होता, आणि त्याने झाकलं गेलं तेही कमी नव्हतं.

मग वादात करायचं काय?

आक्षेप घेणारे आपण असू, तर आधी बातमीतलं सगळ्यांत मोठं विधान एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत मांडून पाहावं. मांडता आलं नाही तर बातमी अजून वाचून झालेली नाही. मग आपला आक्षेप त्या वाक्याला कुठे लागतो ते लिहावं: ‘बिल १२ तारखेचं आहे असं बातमी म्हणते, पण सोबतच्या चित्रात २१ दिसते, आणि आदेश १५ तारखेचा आहे.’ एवढं लिहिलं की समोरच्याला टाळाटाळ करायला जागा राहत नाही. लेखननियमाची चूक सांगायची असेल तर जरूर सांगावी, पण बातमीदाराला थेट कळवावी. चारचौघांत सांगितल्याने रु काही जास्त सुधारत नाही.

सांगताना एक भान ठेवलेलं बरं. जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ मध्ये एक नियमच मांडला होता की दुसऱ्याच्या लेखनातल्या चुकांवर टीका करणाऱ्या मजकुरात स्वतःची एखादी चूक असतेच. संपादकांच्या बिरादरीत तो आजही सांगितला जातो, कारण त्यांना रोज त्याचा अनुभव येतो.

बातमीदारांनी आणि संपादकांनीही कबुलीचे दोन कप्पे ठेवले तर बरंच सोपं होतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९७२ मध्ये दुरुस्त्यांना पानावर ठरलेली जागा दिली, आणि १९८३ मध्ये त्यापासून वेगळं संपादकीय टिपण सुरू केलं. नाव, तारीख चुकली तर दुरुस्ती. तोल, न्याय्यता, चौकशीची खोली चुकली तर टिपण. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. सगळं एकाच ‘दिलगिरी’त घातलं की आडनाव चुकल्याची आणि युद्ध चुकल्याची दिलगिरी सारखीच दिसू लागते.

आणि आपली बातमी, आपला मुद्दा कुणी रुवर नेऊन अडवला तर? चिडून ‘मुद्द्यावर या’ म्हटलं की वाद वादाच्या पद्धतीवर सुरू होतो आणि पूल आणखी लांब जातो. चूक खरी असेल तर ती तिथल्या तिथे, एका ओळीत, कुरकुर न करता मान्य करावी. मान्य केलेल्या चुकीवर फार वेळ भांडता येत नाही. आणि त्याच उत्तरात लगेच पुढे जावं. त्या पन्नास उत्तरांखाली एक्कावन्नावं उत्तर मला असं वाचायला आवडेल:

‘हो, रु ऱ्हस्वच. सातही ठिकाणी बदलला, आभार. आता सोबतचं बिल मोठं करून पाहा. काम पूर्ण झाल्याचा दाखला खाली जोडलेला आहे आणि त्यावरची तारीख कामाच्या आदेशाच्या आधीची आहे. दाखल्यावर सही आहे, पण तिच्याखाली नाव नाही. ही सही कुणाची, हे इथे कुणाला सांगता येईल का?’